'सकाळ' नावाच्या फोल्डरमधून नाहीशा झालेल्या स्वप्नांबाबत

नाव : मावशी (सगळे याच नावाने ओळखतात, कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्राच्या प्रतीवर आहे)
वय : सत्तरी ओलांडलेली
व्यवसाय : पूर्वी शिवणकाम; सध्या सुनेबरोबर जुन्या डिस्कमधल्या फाइली सुखरूप बाहेर काढून देणे
राहणार : छत्री दुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर

मी समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी आणि माझी सून अशा दोघी राहतो. मुलगा बोटीवर कामाला असतो. माझ्या सुनेविरुद्ध तक्रार आली आहे, की तिने घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांच्या डिस्कमधून त्यांच्या पत्नीच्या आवाजाच्या फाइली मुद्दाम पुसून टाकल्या. ती सकाळपासून इथे पोलीस ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसलेली आहे. त्या फाइली पुसल्या गेलेल्या नाहीत, आणि त्या कुठे आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावलेलं नाही.

ठाणे अंमलदारांनी मला "मुद्द्याचं तेवढं सांगा" असं सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, गाठ एकदम ओढली की जास्तच आवळते. जरा सैल हाताने घ्या." त्यांनी ते मान्य केलं आणि जसं सांगाल तसं लिहून घेतो म्हणाले.

आमचं काम असं की, लोक आपल्या फाइली एकत्र दाबून त्यांची एकच मोठी फाइल करून ठेवतात. तिला कोणी झिप म्हणतं, कोणी अर्काइव्ह म्हणतं. आम्ही दोघी गाठोडं म्हणतो. बांधणारा बांधून विसरतो, आणि वर्षांनी कोणाला तरी ते सोडायची वेळ येते. तेव्हा ते बांधलेलं असतं एका घरात आणि सोडायचं असतं दुसऱ्याच घरात. सगळ्या डिस्क वरून सारख्याच दिसल्या, तरी प्रत्येकीची आतली मांडणी, जिला फाइल सिस्टिम म्हणतात, ती वेगळी असते. एकीला लांब नावं चालतात, दुसरी ती मध्येच तोडते. एकीला जे समजतं ते दुसरीच्या गावीही नसतं. सासर बदललं की माणसाला सवयी बदलाव्या लागतात, तसंच फाइलींचं आहे.

गाठोडं सोडणारा प्रोग्राम सुनेने स्वतः लिहिला आहे. तो वेगवेगळ्या डिस्कवर चालवून बघणं हे माझं काम. ती शिवते, मी उसवून बघते. काही गाठोड्यांत अशा नावांच्या फाइली असतात की सोडल्याबरोबर त्या आपल्या जागी न पडता कुंपण ओलांडून भलत्याच फोल्डरमध्ये पडतात आणि तिथलं आधीचं सामान दाबून टाकतात. म्हणून आमचा प्रोग्राम प्रत्येक नाव तपासतो, आणि कुंपण चढणारं नाव दिसलं तर तिथेच थांबतो. शिवाय आमच्या दुकानाची एक रीत आहे. परक्याचं गाठोडं आम्ही आधी एका कोऱ्या पेन ड्राइव्हवर सोडतो. त्या पेन ड्राइव्हला आम्ही अंगण म्हणतो. अंगणात सगळं नीट पडलं तरच घरात, म्हणजे ग्राहकाच्या डिस्कवर सोडायचं. आजवर ही रीत आम्ही मोडलेली नाही. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकतात, आम्ही तर पाणीही फुंकूनच पितो. या वेळीही मोडली नव्हती, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

तक्रारदारांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. नक्की केव्हा, असं विचारल्यावरून सांगते की, खाली छत्रीवाले दुरुस्त झालेल्या छत्र्या उघडून वाळत घालत होते आणि जिन्यात त्यांच्या रंगांचा उजेड पडला होता, तेव्हा. मास्तर निळ्या उजेडातून वर चढले आणि पिवळ्या उजेडात दम खायला थांबले. हातात एक डिस्क आणि त्यांच्या पत्नीचा जुना संगणक होता. संगणक त्यांनी तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता.

मास्तरांनी सांगितलं ते असं. त्यांच्या पत्नीला सकाळी उठल्या उठल्या पडलेलं स्वप्न रेकॉर्ड करून ठेवायची सवय होती. पुष्कळ वर्षांची. आता आजारपणात त्यांची वाचा गेली आहे. माणसं ओळखतात, हसतात, पण शब्द जुळत नाही. बोलणं शिकवायला ज्या ताई येतात त्यांनी सांगितलं, की यांचा स्वतःचाच आवाज यांना ऐकवा, आपल्याच आवाजामागे शब्द कधीकधी परत येतात. मास्तर म्हणाले, "हिचा आवाज घरात दुसरा कुठे नाही. फोटो ढीगभर आहेत. आवाज हाच." मग म्हणाले, "मी ती स्वप्नं कधी ऐकली नाहीत. मला सकाळी काम असे."

जुन्या संगणकात सगळी स्वप्नं एका गाठोड्यात बांधलेली मिळाली. बाईंनी ते वेळोवेळी उघडून नवीन स्वप्नं वरून खोचत नेली होती. सुनेने ते रीतीप्रमाणे आधी अंगणात सोडलं. 'सकाळ' नावाचं एक फोल्डर तयार झालं आणि त्यात सगळी स्वप्नं ओळीने पडली. मग तिने ते मास्तरांच्या डिस्कवर सोडलं. त्या डिस्कवर मास्तरांचं 'घड्याळे' नावाचं फोल्डर आधीपासून होतं. हाताखालून गेलेल्या घड्याळांची टिकटिक त्यांनी त्यात रेकॉर्ड करून ठेवली आहे. काम त्याच्या शेजारी नवीन 'सकाळ' करण्याचं होतं. सुनेने 'सकाळ' उघडून पहिली फाइल लावली, बाईंचा आवाज आला, आणि मास्तरांचे डोळे भरले. ते डिस्क घेऊन गेले. अंगण रिकामं करून ठेवायचीही आमची रीत आहे, तीही पाळली. जुना संगणक तेवढा आमच्याकडे राहिला होता.

घरी जाऊन मास्तरांनी डिस्क त्यांच्या संगणकाला लावली, तेव्हा 'सकाळ' उघडेना. आत काहीच नाही. ते परत आले तेव्हा मी बाजारात गेले होते. सुनेचं आणि त्यांचं बोलणं झालं ते मला तिने सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्यासमोर तर लावलं होतं." ते म्हणाले, "माझ्यासमोर लावलंस आणि माझ्यामागे काढून घेतलंस. हिचा आवाज तुला कशाला हवा होता?" सून रागाला आली आणि म्हणाली, "मला माझीच स्वप्नं जड झालीत, तुमच्या घरची घेऊन कुठे जाऊ?" हे तिने बोलायला नको होतं. तिथून ते तडक ठाण्यात आले.

आज सकाळी ठाण्यातून बोलावणं आलं. जाताना सून म्हणाली, "आई, मी काही केलेलं नाही." मी म्हटलं, "अगं, तू केलं नाहीस हे मला माहीत आहे. मग कोणी केलं ते बघते." ती म्हणाली, "डबा नको पाठवू, मला जेवण जाणार नाही." मी दुकान बंद केलं आणि तेच गाठोडं पुन्हा सोडायला घेतलं.

आधी अंगणात सोडलं. सगळं नीट पडलं. खात्री म्हणून एक स्वप्न लावलं. बाईंचा आवाज अजून झोपेने ओला होता. त्या सांगत होत्या, की घर आपलंच होतं, पण खिडक्यांना बाहेरच नव्हतं, आणि हे कोपऱ्यात बसून एका ढगाला किल्ली देत होते. मी दुसरं लावलं. त्यात त्या जिना उतरत होत्या, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी झोपलेलं होतं, म्हणून त्या पायऱ्यांच्या मधल्या हवेत पाय ठेवत खाली आल्या. पडद्यातून छत्र्यांचा उजेड भिंतीवर हलत होता, पंखा फिरत होता. मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मध्येच मी ऐकत होते की मलाच ते पडत होतं, हेही सांगता येणार नाही. अंमलदारांनी "हे लिहू का?" असं विचारलं. मी म्हटलं, लिहा, कारण तेही घडलं.

मग माझ्या मनात आलं, की स्वप्नं अंगणात हरवलेली नाहीत, घरात हरवली आहेत, आणि मी शोधते आहे अंगणात. म्हणून मी मास्तरांच्या डिस्कसारख्याच मांडणीची एक डिस्क कपाटातून काढली आणि गाठोडं तिच्यावर सोडलं. प्रोग्राम सुरुवातीलाच थांबला आणि त्याने लिहून दाखवलं, की 'घड्याळे' ही जागा सापडत नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या कोऱ्या डिस्कवर 'घड्याळे' असं काहीच नव्हतं. मी ते नाव कुठे टाइप केलं नव्हतं. आमच्या प्रोग्राममध्ये ते नाही. म्हणजे ते नाव गाठोडंच सांगत होतं. बंद खोलीत कोणी झोपेत एखाद्याचं नाव घ्यावं, तसं मला वाटलं.

मी त्या डिस्कवर 'घड्याळे' नावाचं रिकामं फोल्डर करून दिलं आणि गाठोडं पुन्हा सोडलं. या वेळी प्रोग्राम कुठेही अडला नाही. एकेक स्वप्न 'सकाळ'मध्ये गेल्यासारखं दिसलं आणि पडलं 'घड्याळे'मध्ये. मी स्वतः पाहिलं.

याचा उलगडा असा. फाइलींच्या दुनियेत एक दार करता येतं. धंद्यात त्याला लिंक म्हणतात. दिसायला ते फोल्डरच, पण त्यात ठेवलेलं सामान दुसऱ्याच खोलीत पोचतं. बाईंच्या संगणकात एके काळी 'सकाळ' ही खोली नव्हतीच, असं एक दार होतं, आणि ते तेव्हा त्याच संगणकात शेजारी असलेल्या मास्तरांच्या 'घड्याळे'मध्ये उघडत होतं. पुढे कधीतरी त्यांनी ते दार काढून त्याच नावाची साधी खोली केली. पण गाठोड्यात जुनं काही पुसलं जात नाही, नवं वरून खोचलं जातं. त्यामुळे गाठोडं सोडताना आधी जुनं दार बाहेर येतं आणि त्याच्यामागून स्वप्नं. आमच्या अंगणाला दार करणं जमतच नाही. पेन ड्राइव्हची मांडणी साधी, तिला लिंक कळत नाही. म्हणून तिथे दार झालं नाही, साधी खोली झाली आणि सगळं सुरळीत दिसलं. मास्तरांच्या डिस्कला दार करता येतं. तिथे दार झालं, आणि स्वप्नं त्यातून निघून गेली. कुंपण चढणारी नावं आम्ही तपासत होतो, पण इथे कोणी कुंपण चढलंच नाही. सगळी दारातून सभ्यपणे गेली.

दुकानात सुनेने 'सकाळ' उघडलं तेव्हा आमच्या संगणकाने तिला त्याच दारातून पलीकडे नेलं, म्हणून आवाज ऐकू आला. मास्तरांच्या घरचा संगणक वेगळ्या जातीचा आहे, त्याला आमच्या संगणकाने केलेलं दार ओळखता येत नाही. त्याला तिथे नुसती भिंत दिसली. शेजारचं फोल्डर मास्तरांनी उघडून बघितलं नाही, कारण तिथे आपली घड्याळंच असणार हे त्यांना ठाऊक होतं.

एवढं सांगून झाल्यावर मी अंमलदारांना विनंती केली, की जप्त केलेली डिस्क माझ्या हाती देऊ नका, तुम्हीच तुमच्या संगणकाला लावा आणि 'सकाळ' सोडून 'घड्याळे' उघडा. त्यांनी मास्तरांना आणि सुनेला आत बोलावलं. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, जेवलीस का?" मास्तर म्हणाले, "ते फोल्डर माझं आहे. त्यात टिकटिक आहे. ते कशाला उघडता?" अंमलदार म्हणाले, "उघडतो फक्त, पळवत नाही." आणि त्यांनी पहिली फाइल लावली.

बाईंचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "आज मी किल्लीच्या भोकाएवढी लहान झाले होते. यांच्या मोठ्या घड्याळात शिरले. आत ही सगळी चाकं, दात, आणि मधोमध हे जेवायला बसलेले. मला म्हणाले, 'किती उशीर केलास!' मी म्हटलं, 'घड्याळात बसून मला उशीर सांगता होय?'" आणि त्या स्वतःशीच हसल्या. मग खूप वेळ नुसता श्वास ऐकू आला. बहुधा पुन्हा झोप लागली असावी.

मास्तर उभे होते ते बसले. खुर्ची कोणी दिली ते माझ्या लक्षात नाही. अंमलदार म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, मास्तर." पण हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

त्यानंतर जे सांगायचं होतं ते माझ्या जिवावर आलं होतं, तरी मी सांगितलं. मी म्हटलं, "मास्तर, आवाज सापडला, पण तो तुमच्या घड्याळांवर बसलेला आहे. दोघांचं रेकॉर्ड करायचं यंत्र एकाच बनावटीचं, फाइलींना नावं देताना दोन्ही यंत्रं सारखेच आकडे घालतात. आम्ही समजलो, खोली नवी, रिकामीच असणार, म्हणून आत कोणी आहे का हे आम्ही विचारलं नाही. बाईंचं पहिलं स्वप्न तुमच्या पहिल्या घड्याळावर पडलं, दुसरं दुसऱ्यावर. बाईंची स्वप्नं जिथे संपतात तिथपर्यंतची टिकटिक गेली. ती आता परत येणार नाही. त्यापुढची शाबूत आहे."

मास्तरांनी विचारलं, "पहिली सगळी?"

मी म्हटलं, "पहिली सगळी."

सून म्हणाली, "मास्तर, परवा मी नको ते बोलले. आणि ही चूकही आमचीच आहे. आईने शोधली, पण दोघींची आहे. स्वप्नं पुसली नाहीत मी. घड्याळं मात्र माझ्या हातून गेली."

अंमलदारांनी मास्तरांना विचारलं, की ते दार कोणी केलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे का. मास्तर म्हणाले, "हिनेच. नवीन शिकली होती. म्हणाली, 'माझी स्वप्नं तुमच्या घड्याळांत येऊन पडू देत, काम करता करता एखादं ऐकाल.' मी म्हटलं, 'मग मला ठोके नीट मोजता येणार नाहीत. तुझं वेगळं ठेव.' तिने वेगळं केलं."

इतक्यात पहिली फाइल संपून संगणकाने आपोआप दुसरी लावली. ती चालू असतानाच अंमलदारांनी मास्तरांना विचारलं, की मुद्दाम पुसल्याचा आरोप आता राहत नाही, तेव्हा तक्रार मागे घेता का. आणि घड्याळांच्या नुकसानीबद्दल वेगळी तक्रार द्यायची असेल तर तो तुमचा हक्क आहे, तेही सांगा, म्हणजे तसं लिहितो.

मास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा हो. ती अजून सांगते आहे."

त्यामुळे त्यानंतर काही वेळ काही विचारलं गेलं नाही आणि काही लिहिलं गेलं नाही. अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. सून मास्तरांच्या खुर्चीमागे उभी होती, ती तिथेच जमिनीवर बसली. बाई एका शेताबद्दल सांगत होत्या, ज्यात पिकाच्या जागी कुजबुज उगवली होती, आणि ती कापायला विळा नव्हे, कान न्यावे लागत. पुढची फाइल लागली, मग तिच्यापुढची. मास्तर दर वेळी फाइल संपत आली की हात वर करत होते.

यापेक्षा मला जास्त काही सांगायचं नाही. हा जबाब मला वाचून दाखवला तो खालच्या आवाजात, जवळजवळ कानाशी, कारण पलीकडे बाईंचं बोलणं चालूच होतं आणि ते थांबवावं असं कोणी म्हटलं नाही. तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला. माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे आणि तो खरा आहे.

जबाब देणार,
मावशी (सही)